राणी कलरची राजकन्या

आमच्या मास्टरांना चिनी भाषेतला एक शब्दही येत नव्हता. तरी त्यांनी तीस सीड्यांची एक अख्खी चिनी मालिका घुग्घुसच्या बायांना समजावून सांगितली, आणि त्यातली निम्म्याहून जास्त साफ चुकीची सांगितली. पण सांगण्याचा थाट असा, की ऐकणाऱ्याला आपलेच डोळे खोटे वाटावेत. मी त्या वेळी तेवीस वर्षांची होते, नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते आणि मास्टरांच्या घरामागच्या खोलीत भाड्यानं राहत होते. त्या चुकांमध्ये माझाही वाटा आहे. तो पुढे येईलच.

मास्टर लेडीज टेलर. पुढे रस्त्याला लागून दुकान, मधे पडदा, पडद्यामागे घर. घरात ते आणि त्यांची बायको, जिला सगळा मोहल्ला भाभी म्हणायचा. दुकानावर पाटी नव्हती. "पाटी वाचून येते थो गिऱ्हाईक नाई, वाटसरू होय," असं त्यांचं म्हणणं. बाईमाणसाच्या अंगाला त्यांनी कधी टेप लावला नाही. मापाचा जुना ब्लाऊज आणून द्यायचा. तो ते हातात घेत, डोळे मिटून शिवणीवरून बोटं फिरवत आणि म्हणत, "मागच्या वर्सापासून दंड भरले तुमचे. माहेरी जाऊन आल्या वाटते?" बाई लाजून लाल. कधी मिळेल विचारलं की उत्तर एकच, "शुक्रवारी." कोणत्या शुक्रवारी ते विचारायचं नाही. विचारलं तर कापड परत. आणि पाठीवर गाठी मारायच्या ब्लाऊजची फॅशन आली तेव्हा त्यांनी ती दुकानाच्या उंबऱ्यावरच अडवली. "कडी कोनी घराच्या मागून लावते का?" म्हणाले. मुली रुसून चंद्रपूरला शिवायला गेल्या आणि दोन महिन्यांनी मुकाट्यानं परत आल्या.

त्यांचं आवडतं वाक्य एकच होतं. "माणूस तोंडानं खोटं बोलते, कपड्यानं नाई." हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं. आणि त्याच आठवड्यात एका सकाळी शाळेला निघताना त्यांनी मला दारात थांबवलं. "म्याडम, जरा दहाबारा सुयांत धागा ओवून द्या. आज मले घाई हाय."

घाई दुसऱ्या दिवशीही होती. तिसऱ्या दिवशीही. मग तो रिवाजच पडला. साडेसहाला मी उशीवर टोचलेल्या वीस सुया ओवायच्या, मशीनच्या सुईतही धागा घालायचा, मग शाळा. काळा, पांढरा, लाल असे क्रमानं धागे. भाभी तेव्हा मागे चहा ठेवत असायच्या. त्या यायच्या आत हे उरकायचं, असा दोघांतला न बोललेला करार. एकदा मी आत शिरताना मास्टर मोठ्या अदबीनं कोणाला तरी "या, बसा ना भाऊ, उभे काऊन?" म्हणत होते. समोर खुंटीला टांगलेला एक कोट होता. मी सुयांची उशी उचलली. ते माझ्या पावलांच्या आवाजाकडे वळले आणि म्हणाले, "भाभीले सांगू नोका, म्याडम."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. चोरून एकदा डॉक्टरला दाखवून आले होते. डॉक्टरनं सांगितलं होतं, पिकत आलाय, काढून टाका, फार दिवस लावले तर मग काढूनही उपयोग नाही. पण मास्टरांच्या वडिलांचं असंच ऑपरेशन झालं होतं आणि त्यांचा डोळा कायमचा गेला होता. तेही शिंपी. लग्नसराई होती म्हणून तिसऱ्याच दिवशी पट्टी सोडून मशीनवर बसले होते. चूक त्यांचीच, हे मास्टरांनाही कळत होतं. पण भीतीला कधी कारण कळतं का? "हाय तेवढं दिसते, तेवढंच राहू द्या," म्हणायचे. "डोळा गेला तर दुकान गेलं. दुकान गेलं तर मी कोन?" आणि जे राहू द्या म्हणत होते ते महिन्यामहिन्याला कमी होत होतं. मी वीस सुया ओवत होते आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या देत होते, की आपण यांना मदत करतोय का आणखी खड्ड्यात घालतोय?

अशात ती मालिका आली.

जवळच्या सिमेंट कारखान्यात नवी यंत्रं बसवायला काही चिनी माणसं आली होती. त्यातला एक जण कोटाची चेन तुटली म्हणून मास्टरांकडे आला. मास्टरांनी चेन बदललीच, वर फाटलेलं अस्तर न सांगता नवं लावून दिलं. तो माणूस मायदेशी परतताना एक खोका देऊन गेला. आत तीस सीड्या. खोक्यावर राणी कलरच्या झग्यातली एक मुलगी, मागे घोडे आणि वाळू. खाली चिनी अक्षरं, ती कोणाच्या बापाला वाचता येणार?

मास्टरांनी सीडी प्लेअर आणला. समोरच्या रस्त्यावरून कोळशाचा ट्रक गेला की सीडी अडकायची, म्हणून त्याच्याखाली गोधडीच्या चार घड्या. दुपारी एक ते दोन, रोज एक सीडी, शुक्रवारी सुट्टी. लाइन गेली तर दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी दोन बाया होत्या, आठव्या दिवशी पंधरा. खाण कामगाराची बायको सरोजबाई सगळ्यांत पुढे, कारण तिची जीभ सगळ्यांत लांब. शेजारी कमलाबाई, जवळच्या खेड्यातून भाजी विकायला यायची आणि उरलेली टोपली दाराशी ठेवून बसायची. तिला रडायला कारण लागत नसे. घोडा पडला तरी रडायची. बाया आधी पदरानं टीव्हीवरची काळी धूळ पुसायच्या, मग खाली बसायच्या. मास्टर सगळ्यांच्या मागे स्टुलावर, मांडीवर काजबटणांचं काम, आणि तोंडानं गोष्ट.

"हे राजाची पोरगी," ते म्हणाले. "राणी कलर. बापानं दूरच्या म्हाताऱ्या राजाले देऊन टाकली, लढाई नोको म्हणून. हा हिरवा हाय ना, हा सरदार. तिले पोहोचवून द्याले चालला. आता पाहा, हा तिच्यात गुतते."

"तुमाले काय माहीत?" सरोजबाई.

"कापड पाहा ना बाई. काल त्याचा हिरवा मळकट होता, आज धुतला. मरद आपल्या मनानं कपडे धुते का?"

आणि खरंच तो गुतला. त्या दिवसापासून मास्टरांचा शब्द म्हणजे शब्द झाला.

बायांच्या शंका वेगळ्याच होत्या. एवढ्या लांब बाहीनं ही भांडी कशी घासत असेल? "एका बाहीत तीन ब्लाऊजचं कापड गेलं," मास्टर हळहळले. झाडाला पानं नाहीत, नुसती फुलंच काऊन? आणि ती सारखी गळतातच कशी, कोनी झाडून राह्यलं का? तिची वेणी कोण घालून देतं? कमलाबाईला एकच काळजी. "तीन दिवस झाले, ते पोट्टी जेवली नाई. चहाच पिऊन राह्यली." हिरव्यानं बारा सीड्यांत मिळून एकदा राजकन्येचं मनगट धरलं, तेही ती घोड्यावरून पडत होती म्हणून. त्या दिवशी दुकानात अशी शांतता पसरली की पंख्याचा आवाज ऐकू आला. कमलाबाईनं डोळ्यांवर हात ठेवले होते. बोटं मात्र फाकलेली. सरोजबाईच्या घरी त्या संध्याकाळी डाळ करपली आणि तिच्या नवऱ्यानं शिफ्टवरून आल्यावर विचारलं तर म्हणे, "तुमी कधी धरला का असा हात?" तो बिचारा दुसऱ्या दिवशी मास्टरांकडे येऊन विचारून गेला, की टीव्हीवर नेमकं चालू काय आहे.

घोळ झाला तो तेराव्या सीडीत. एका तंबूत राजकन्या आणि तिची राखाडी कपड्यातली दासी रडत रडत एकमेकींचे कपडे घालतात. दासी राणी कलर घालून पालखीत बसते, म्हाताऱ्या राजाशी लग्न लावायला जाते. खरी राजकन्या राखाडी झग्यात सरदाराबरोबर वाळवंटात पळते. आम्हा सगळ्यांना हे उन्हासारखं लख्ख दिसलं. मास्टर मागून म्हणाले, "पाह्यलं? नोकरानीनं डाव साधला. मालकिनीले पालखीत बसवलं अन् स्वतः हिरव्यासंग पळाली. चालू पोट्टी!"

पंधरा बाया एकदम वळल्या.

"मास्टर, ते राजकन्याच होय!"

"राजकन्या पालखीत हाय. राणी कलर दिसत नाई का?"

"अवो, तोंड पाहा ना!"

"तोंड काय पाहाचं? रडून रडून तोंड सुजते. कपडा सुजत नाई. चाळीस वर्सं झाले, मी कपड्यावरून माणूस ओळखून राह्यलो!"

सरोजबाई माझ्याकडे वळली. "म्याडम, तुमी शिकेल हात. तुमी सांगा."

मी मास्टरांकडे पाहिलं. ते माझ्या दिशेनं पाहत होते, पण माझ्या तोंडाकडे नव्हे, पिवळ्या साडीकडे. त्यांच्या हातातली सुई थांबली होती. मी म्हटलं, "मास्टर म्हणतात तसंच असेल." रोज सकाळी चाळीस पोरांना खरं बोला म्हणून सांगणारी बाई मी.

त्यानंतर नऊ दुपारी मास्टर त्या बिचाऱ्या राखाडी मुलीला घालून पाडून बोलत राहिले. ती वाळवंटात जखमी सरदाराला पाणी पाजते, मास्टर म्हणतात "नाटक करून राह्यली." ती स्वतःचे केस कापून त्याची जखम बांधते, मास्टर म्हणतात "पाहा, मालकिनीचा माणूस लुबाडला." बाया दात आवळून ऐकायच्या. पण गंमत अशी, की एकही उठून गेली नाही.

बाविसाव्या सीडीच्या दिवशी कारखान्याचा दुभाषी आला. कलकत्त्याकडचा पोरगेला तरुण, पॅन्ट आखूड करायला टाकली होती. टीव्ही पाहिला आणि ओरडलाच, "अरे, ये तो मैंने पढ़ा है! नॉवेल है ये, बहुत मशहूर."

बायांनी त्याला बखोट धरून खाली बसवलं. सरोजबाईनं हिंदीची मान मुरगळत विचारलं, "भैया, ये बताव, राजकन्या कोनती है?"

"ये, ग्रे वाली. टेंट में कपड़े बदले थे न दोनों ने."

"अन् आखरी में क्या होता?"

"किताब में तो दोनों मर जाते हैं, रेगिस्तान में. सीरियल में सुना है बदल दिया. मैंने देखा नहीं."

केवढा गलका झाला! सरोजबाईचं म्हणणं, पुस्तक आधीचं, तेव्हा पुस्तकात मेली म्हणजे मेलीच. कमलाबाई डोळे पुसत कडाडली, "पुस्तकातली मेली तर हिले काय फरक पडते? ही टीव्हीतली होय! आपन हिले पाहून राह्यलो!" मी इतकी वर्षं शिकवते आहे, पण कादंबरी आणि मालिकेतला फरक एवढ्या थोडक्यात सांगणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

या गलक्यात मास्टर उठून पुढे आले होते. हातात कात्री तशीच. दुभाष्याजवळ वाकून हळूच म्हणाले, "चेहरा अलग है दोनों का?"

तो पोरगा काय, त्याला काय माहीत. "एकदम अलग, मास्टरजी. एक गोल है, एक लंबी. आप रोज देखते हो न?"

पडदा हलला आणि भाभी बाहेर आल्या. त्या मास्टरांकडे पाहत नव्हत्या, माझ्याकडे पाहत होत्या. मी मान खाली घातली, तेवढ्यानंच त्यांना सगळं कळलं. त्यांनी टीव्ही बंद केला, उरलेल्या आठ सीड्या ओढणीत गुंडाळल्या, आत जाऊन लोखंडी पेटीत टाकल्या आणि कुलपाची चावी कमरेला खोचून परत आल्या.

"पहले आँख," त्या म्हणाल्या. "फिर सीडी. तब तक कोई नहीं देखेगा."

त्या संध्याकाळी भाभींनी मला चांगलं धारेवर धरलं आणि मला ते हवंच होतं. दुसऱ्या दिवसापासून सुया ओवायला त्या स्वतः बसल्या. मास्टर मात्र हट्टाला पेटले. म्हणाले, मला काय गरज, गोष्ट मला माहीत आहे. बाया रोज एकला यायच्या, बंद टीव्हीसमोर बसायच्या. कोणी भाभींना लाडीगोडी लावली नाही, हे मला आजही नवल वाटतं. शेवट काय होतो म्हणून जीव टांगणीला लागलेला असताना एकीनंही पेटी उघडा म्हटलं नाही. उलट मास्टरांमागे लागल्या. सरोजबाई म्हणाली, "माह्या सासूचं केलं ना, मास्टर. आता ते तांदळातले खडे येचते अन् मले शिव्या देते." कमलाबाईनं रडून पाहिलं. मास्टर ढिम्म.

तेराव्या दिवशी मी शाळेतून आले तर ते एकटेच स्टुलावर बसून होते.

"म्याडम, ते पोरगी वाळवंटातच असन ना अजून?"

"हो, मास्टर. तिथंच थांबलीय गोष्ट."

"पानी?"

"शेवटचं पाणी तिनं त्यालाच दिलं."

"अन् मी तिले चालू म्हणलं. नऊ दिवस." मग उठले आणि पडद्याकडे तोंड करून ओरडले, "अजी सुनती हो? चंद्रपूरची बस किती वाजता हाय?"

पहिल्यांदा एकाच डोळ्याचं केलं. सोबत भाभी आणि सरोजबाई होत्या. सरोजबाई सांगते, आतून सारखा मास्टरांचाच आवाज येत होता. ते डॉक्टरला गोष्ट सांगत होते आणि डॉक्टर त्यांना गप्प बसवत होते. घरी आल्यावर त्यांनी पट्टी सोडून मशीनवर बसू नये म्हणून भाभींनी मशीनची खालच्या धाग्याची बॉबिन केसच काढून पिठाच्या डब्यात लपवली. दीड महिना मास्टर पडद्यामागे घरात काळा चष्मा लावून बसले, गिऱ्हाइकांना भेटायचं नाही, उजेडात यायचं नाही. मी जाऊन शाळेतल्या गमती सांगायचे. ते हसायचे, पण भीती गेली नव्हती. रोज एकदा तरी विचारायचे, "दिसन ना, म्याडम?" मी हो म्हणायचे. त्या वेळी मी खोटं बोलत नव्हते, पण मलाही ठाऊक नव्हतं.

नंबरचा चष्मा आला तो शनिवारी. रविवारी सकाळपासून बैठक बसली. उरलेल्या आठही सीड्या एकाच दिवशी पाहायच्या असं ठरलं. कोणी भाकरी आणल्या, कोणी वांग्याची भाजी, भाभींनी चहाचं पातेलं चढवलं ते उतरवलंच नाही. पण मास्टर म्हणाले, आधी तेरावी लावा. तंबूचा प्रसंग आला. मास्टर स्टुलावरून उठले, बायांमधून वाट काढत टीव्हीजवळ गेले, चष्मा सावरून त्या दोघींची तोंडं पाहिली. एक गोल, एक लांबट. त्यांनी राखाडी झग्यातल्या मुलीसमोर हात जोडले. "माफ कर, बेटा," म्हणाले. बाया हसल्या. कमलाबाई अर्थातच रडली, आणि त्या दिवशी मीही.

मग मास्टर मागे आपल्या जागी बसले. त्यांनी एक शब्दही सांगितला नाही. बायांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. सरोजबाई तर म्हणाली, "सांगा ना काही मास्टर, नुसतं पाहून मजा नाई येत." ते नुसते हसले. आयुष्यात पहिल्यांदा पाहावं तसं पाहत होते.

शेवटची सीडी लागली तेव्हा दुपारचे चार वाजले होते. वाळवंट. ती वाळूत पडलेली, ओठ फुटलेले, सरदाराचा पत्ता नाही. पुस्तकात इथंच मरते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी सगळ्यांच्या मागे, मास्टरांच्या स्टुलाच्या पायाशी बसले होते; वळून पाहिलं. मास्टरांना ते बघवत नव्हतं. त्यांनी नजर खाली घेतली होती.

खाली बायांच्या पाठी होत्या. उकाड्यानं पदर घसरलेले. ओळीनं पंधरा ब्लाऊज, बहुतेक सगळे मास्टरांनीच गेल्या दोन वर्षांत शिवलेले. मी त्यांची नजर कुठे थांबली ते पाहिलं. सरोजबाईच्या खांद्यावर मशीनची शिवण वाकडी पळत गेली होती, आणि तिच्याशेजारी हातानं घातलेली, बारीक, सरळ दुसरी शिवण. कमलाबाईची बाही उसवून पुन्हा लावलेली. तिच्या पलीकडचीचा गळा घरी दुमडलेला. एकेक पाठ पाहत ते ओळीच्या टोकापर्यंत गेले. आपापल्या घरी बसून प्रत्येकीनं आपला ब्लाऊज नीट केला होता आणि तोच अंगात घालून, पाठ करून, दुपारमागून दुपार त्यांच्यासमोर बसल्या होत्या. नवं कापड शिवायला टाकायचं एकीनंही थांबवलं नव्हतं. मला वाटत होतं, मी एकटीनंच तसं केलंय. मी हळूच पदर पाठीवर ओढून घेतला.

"हे कोनं शिवलं?" मास्टरांनी विचारलं.

एकीनंही वळून पाहिलं नाही. सरोजबाई टीव्हीकडे पाहतच म्हणाली, "गप बसा हो मास्टर. तो येऊन राह्यला."

पुढे आरडाओरडा झाला, टाळ्या झाल्या, बाया एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मास्टर खालीच पाहत होते. संध्याकाळी सगळ्या गेल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मला विचारलं, "म्याडम, वाचली का ते पोरगी?"

"वाचली, मास्टर."

"बरं झालं बिचारीचं," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, माझ्या तोंडाकडे पाहत, "तुमचा ब्लाऊज सकाळी दुकानात ठेवून जाजा. डावी बाही मले पुन्हा लावाची हाय."